सात नंबरचा दगड

चंद्रावर बादलीकाका नसतात, हे सरांनी त्यांना तीनदा बजावलं होतं. एकदा जीपमध्ये, एकदा तंबूत आणि तिसऱ्यांदा लेखी. सरावाच्या वेळी अंतराळवीराच्या मागे दहा पावलांवर चालायचं. पाण्याची बाटली आणि प्रथमोपचाराची पेटी जवळ ठेवायची. बोलायचं नाही, खोकायचं नाही, कुठल्याही दगडाकडे बोट दाखवायचं नाही. आपण तिथे नाही असं समजायचं. कागदाच्या तळाशी बादलीकाकांनी सही केली. आपण नसल्याबद्दल सही करणारा विभागातला हा पहिलाच माणूस.

विभाग भूशास्त्राचा. बादलीकाका तिथले प्रयोगशाळा परिचर, नोकरी एकतीस वर्षं. नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, आणि ते इतकं घट्ट बसलं की पगारपत्रकावरच्या नावाने कोणी हाक मारली तर कोणाला बोलावताहेत म्हणून ते स्वतःच मागे वळून पाहत. विद्यार्थ्यांची सहल परत आली की चिखलाने माखलेले दगड त्यांच्या ताब्यात येत. ते संध्याकाळी दगड बादल्यांत भिजत घालत, सकाळी दात घासायच्या ब्रशने घासत, वर्तमानपत्रावर वाळवत. मग पांढऱ्या रंगाचा चौकोन, त्यावर काळ्या रंगात नंबर, आणि नंबराची नोंद रजिस्टरात. रजिस्टरात चढलेला दगड कोठीबाहेर जात नाही, हा नियम. एकदा विभागप्रमुखांना टेबलावर कागद दाबायला एक लहानसा दगड हवा होता. बादलीकाकांनी त्यांना वीट नेऊन दिली.

दगडाचं नाव विचारलं तर ते आधी म्हणत, "मी परिचर आहे, मला काय कळतंय." आणि मग नाव सांगत. ते सहसा चुकत नसे.

महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. सरांनी त्यांच्यासाठी दोन वर्षांच्या मुदतवाढीचं पत्र तयार केलं होतं. अंतराळवीरांना दगड वाचायला शिकवण्याचं काम विभागाकडे, म्हणजे सरांकडे, आलं होतं आणि त्यासाठी बाहेरची कामं जाणणारा माणूस लागणार होता. पत्र सरांच्या टेबलावर होतं. सही सराव पार पडल्यावर व्हायची होती.

ही सही बादलीकाकांना का हवी होती, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या घरात तीन खोल्या होत्या आणि सासूबाई तिन्ही खोल्यांत असत. वय अठ्ठ्याहत्तर, दृष्टी उत्तम, कान त्याहून उत्तम. अकरा वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या. त्यांची खुर्ची अशी ठेवलेली होती की एका नजरेत बाहेरचं दार, स्वयंपाकाचा ओटा आणि न्हाणीघर दिसावं. जावयाशी त्या अत्यंत आदराने बोलत. "जावईबापू, दिवा दोन खोल्यांत जळतोय, आपण एकाच खोलीत बसलाय असं वाटतं." "जावईबापू, बादली धुता धुता आपण नळही धुवायला काढलात काय?" सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा विभागात काढणाऱ्या माणसाला हे चालून जातं. निवृत्तीनंतर ते नऊ तास कुठे काढायचे, हा प्रश्न होता.

आता परीक्षा. काळ्या लाव्ह्याच्या ओसाड पठारावर दुसऱ्याच प्रकारचे बारा दगड नेऊन ठेवायचे. चार उमेदवारांनी एकेकट्याने फिरून ते शोधायचे, उचलायचे आणि रेडिओवरून तंबूला वर्णन सांगायचं. तंबूत सर आणि प्रशिक्षण केंद्राचा अधिकारी. त्या दोघांनी तंबूबाहेर डोकवायचंही नाही, कारण पृथ्वीवरून चंद्रावर डोकावता येत नाही. वर्णन ऐकून गुण द्यायचे. चौघांपैकी तीन पुढे जाणार, एक गळणार.

बारा दगड दुसऱ्या एका महाविद्यालयातून कापडी पिशव्यांत आले. पिशवीवर फक्त नंबर. कुठल्या पिशवीत काय आहे, ही यादी एकट्या सरांकडे. बादलीकाकांनी दगड नकाशाप्रमाणे नेऊन ठेवायचे एवढंच. दगड धुऊ नका, असं सर म्हणाले नाहीत. ते सांगावं लागेल असं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

बुधवारी संध्याकाळी बादलीकाकांनी पिशव्या उघडल्या. दगड मातीने लडबडलेले. त्यांनी बारा छोटी टमरेलं घेतली, नंबर चुकू नयेत म्हणून प्रत्येकाला चिठ्ठी लावली, दगड भिजत घातले आणि घरी गेले.

गुरुवारी सकाळी सहाला अकरा टमरेलांत अकरा दगड होते. सात नंबरच्या टमरेलात गढूळ पाणी होतं आणि तळाशी सुपारीएवढा एक खडा. बादलीकाकांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

सैंधव मीठ. डोंगराच्या पोटात दगडासारखं सापडणारं, पण शेवटी मीठच. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो दगड धुतले होते. विरघळलेला हा पहिला.

जीप आठला निघायची होती. कोठीतला एखादा पांढरट दगड उचलता आला असता, पण कोठीतला प्रत्येक दगड रजिस्टरात होता, आणि रजिस्टरातला दगड बाहेर जात नाही. नियम त्यांनीच पाळत आणला होता. सरांना सांगावं, तर पत्रावर सही व्हायची होती. एक मार्ग उरला. सायकल काढून ते घरी गेले आणि ओट्यावरून सासूबाईंचा गोटा उचलला.

गोटा म्हणजे लसूण, मिरी, काय हवं ते ठेचायचा दगड. पांढरट, लांबट गोल, मुठीत बसेल असा. सासूबाईंच्या लग्नापासून त्यांच्या हातात. अकरा वर्षांपूर्वी आल्या तेव्हा एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात हा. सध्या त्या थोरल्या लेकीकडे गेल्या होत्या, प्रवासाला जड नको म्हणून गोटा ठेवून.

बायको ओट्याशीच उभी होती.

"अहो, तो कुठे नेताय?"

"ऑफिसात."

"आईचा गोटा ऑफिसात? तिथे काय ठेचणार आहात?"

"शनिवारच्या आत परत आणतो."

"आई शनिवारी संध्याकाळी येतेय."

"म्हणून तर आत म्हणालो."

"आणि नाही आणलात तर?"

"मिक्सर आहे की."

"ते तुम्हीच सांगा तिला. मी सरळ माहेरी निघून जाईन."

"कुठे जाशील? तुझं माहेर इथेच येऊन राहिलंय."

बायकोला हसू आलं, आणि तेवढ्यात ते बाहेर पडले. घाईत एक गोष्ट राहिली. अकरा दगड घासून लखलखीत केले होते. बारावा तसाच, ओट्यावरून उचललेला, पिशवीत गेला. आयुष्यात त्यांनी न धुता ठेवलेला हा एकमेव दगड.

पठार जीपने पाच तासांवर. दुपारी बादलीकाकांनी नकाशा हातात धरून दगड मांडले. मांडले हाच शब्द बरोबर, कारण प्रत्येक दगड सपाट बाजू खाली आणि दिसायला बरी बाजू पुढे करून ठेवला होता, कपाटात ठेवतात तसा. सात नंबरची जागा सगळ्यात लांब, खचलेल्या कड्याच्या पायथ्याशी. शुक्रवारी शेवटचा उमेदवार परतला की गोटा खिशात घालायचा, असा बेत होता.

शुक्रवारी सकाळी चार उमेदवार आले. दोन वैमानिक, एक थोरला, एक धाकटा. एक डॉक्टर. आणि एक इंजिनिअरबाई, ज्यांनी आधी दहा वर्षं यंत्रांचे भाग का झिजतात आणि का तुटतात हे तपासण्यात घालवली होती. खरा पोशाख सरावाला मिळत नाही. पाठीवर वाळूच्या पिशव्या भरलेली सॅक, हातात जाड मोजे, डोक्यावर मोटरसायकलचं हेल्मेट आणि हेल्मेटच्या काचेवर सोनेरी कागद. वाकता येत नाही म्हणून दगड लांब चिमट्याने उचलायचा.

थोरल्या वैमानिकाने चाळीस मिनिटांत बाराच्या बारा शोधले. तंबूत सरांनी अधिकाऱ्याकडे पाहिलं. "नजर तयार झालीय यांची," ते म्हणाले. "सहा आठवड्यांचं शिक्षण आहे." पठारावर काळ्याभोर खडकात घासलेले दगड खोट्या दातांसारखे चमकत होते. दहा पावलं मागे चालणाऱ्या बादलीकाकांना हे दिसत होतं. पण ते तिथे नव्हते.

सातव्या दगडापाशी थोरला वैमानिक म्हणाला, "पांढरट गोटा. गुळगुळीत. वाहत्या पाण्याने घासलेला. इथून कधीकाळी नदी गेली असावी."

सरांच्या यादीत सातसमोर लिहिलं होतं: सैंधव, आटलेलं पाणी. नदी नव्हती, पण पाणी होतं. त्यांनी दहापैकी सहा गुण दिले.

डॉक्टर म्हणाले, "स्फटिकासारखा. साचलेलं पाणी आटून तयार झाला असेल, अशी शक्यता वाटते." डॉक्टरांना चाचणी न करता निदान करायची सवय होती. त्यांना आठ मिळाले.

धाकट्या वैमानिकाने चिमटा डोळ्यांसमोर धरला आणि त्याचा आवाज चढला. "सर, एका टोकाला खड्डे आहेत! बारीक, दाट. उल्कांच्या कणांचा मारा झालाय याच्यावर!"

"मिठावर?" सर पुटपुटले. पण उत्साहाचे म्हणून त्यांनी चार दिले.

प्रत्येकाने पाहून झाल्यावर दगड पुन्हा जागेवर ठेवायचा होता. सासूबाईंचा गोटा तीन वेळा उचलला आणि तीन वेळा ठेवला गेला. तीन वेळा बादलीकाकांनी श्वास रोखून धरला.

शेवटच्या इंजिनिअरबाई. त्या हळू चालत, प्रत्येक दगड फिरवून फिरवून पाहत, आणि दिसेल तेवढंच सांगत. अकरा दगड झाले तेव्हा त्यांचे आणि धाकट्या वैमानिकाचे गुण अगदी बरोबरीत होते. बाकी दोघे खूप पुढे. म्हणजे कोण गळणार हे सातव्या दगडावर होतं. त्याला चार मिळाले होते. बाईंना पाच पुरले असते.

"सात," रेडिओवर बाई म्हणाल्या. "पांढरट, लांबट गोल. एका टोकाला बारीक खड्डे, दुसऱ्या टोकाला एकही नाही. मध्ये एका बाजूला उथळ खळगा, अंगठा बसेल एवढा. खळग्याला आणि त्याच्या पाठीमागे तुळतुळीत चकाकी. बाकीच्या अंगाला तशी नाही."

"खड्डे कशाने पडलेत?" सरांनी विचारलं.

"आपटून."

"कशाचा मार बसून?"

"याच्यावर मार बसलेला नाही सर. यानेच मार दिलाय. एकाच टोकाने, वर्षानुवर्षं." चिमटा जवळ आणून त्या म्हणाल्या, "सर, हा स्वयंपाकघरातला गोटा आहे. ठेचायचा."

तंबूत अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं.

"बाई," सर म्हणाले, "आपण चंद्रावर आहोत असं समजून उत्तर द्या."

"तसं समजूनच पाहतेय. तरी गोटाच दिसतोय. एका खड्ड्यात पापुद्रा अडकलाय. लसणाचं साल असावं."

अधिकारी हसला, सर हसले नाहीत. सहा आठवडे शिकवून परीक्षेत लसूण निघावा हे त्यांना लागलं. "शून्य," ते अधिकाऱ्याला म्हणाले आणि रेडिओचं बटण दाबलं. "या उत्तराला गुण नाहीत. मग तुम्ही गळता, हे तुमच्या लक्षात आहे ना? उत्तर बदलायचं असेल तर दोन मिनिटं देतो."

"पाणी म्हटलं असतं तर चाललं असतं का?"

"मी काही सुचवणार नाही."

"मग नको. गोटाच लिहा."

दहा पावलं मागे बादलीकाका उभे होते. बाईंच्या सॅकवरच्या स्पीकरमधून त्यांना सगळं ऐकू येत होतं. गप्प राहिलं तर पाच मिनिटांत गोटा खिशात, उद्या ओट्यावर, सोमवारी पत्रावर सही. करायचं काहीच नव्हतं, फक्त नसायचं होतं, आणि ते काम ते सकाळपासून चोख करत होते. पण एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकाही दगडावर चुकीची चिठ्ठी लागली नव्हती. आणि इथे तर दगड ओळखणाऱ्या बाईंनाच चुकीची चिठ्ठी लागत होती.

त्यांनी प्रथमोपचाराची पेटी उघडली. आत जादाचा रेडिओ होता, कोणी बेशुद्ध पडलं तर वापरायचा.

"सर."

"कोण बोलतंय?"

"मी, सर."

सर आवाज आवरून म्हणाले, "तुम्ही तिथे नाही आहात."

"हो सर. मला माहितीय. सही केलीय मी. पण तो गोटा आमच्या सासूबाईंचा आहे."

इंजिनिअरबाई एवढ्या जोरात वळल्या की वाळूच्या सॅकने त्यांना आणखी अर्धा फेरा फिरवलं. "अहो काका, तुम्ही सकाळपासून मागे होतात?"

"मी नव्हतो बाई," बादलीकाका म्हणाले. "आत्ता आलो."

सर तंबूतून बाहेर आले. पृथ्वीवरून चंद्रावर यायला त्यांना सहा मिनिटं लागली. बादलीकाकांनी सगळं क्रमाने सांगितलं. टमरेलं, ब्रश, सुपारीएवढा खडा, सायकल. सर ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांची नजर पठारावर फिरत होती. ऊन उतरतीला लागलं होतं. काळ्या खडकात अकरा दगड लुकलुकत होते.

"म्हणजे," सर सावकाश म्हणाले, "चौघांना सगळे दगड सापडले ते..."

"धुतल्यामुळे, सर."

"सहा आठवडे..." सर म्हणाले.

मागोमाग आलेल्या अधिकाऱ्याने गोटा हातात घेतला, अंगठा खळग्यात बसवून पाहिला, टोक नाकाशी नेलं. "लसूणच आहे," तो म्हणाला. मग वहीत खाडाखोड केली. धुतलेले दगड चौघांनाही सारखेच मिळाले, तेव्हा ते गुण तसेच राहतील. सातव्याला नदी शून्य, आटलेलं पाणी शून्य, उल्का शून्य, गोटा दहा. "उत्तर काय हवंय हे ओळखणारे मला तीन मिळाले," तो सरांना म्हणाला. "समोर काय आहे ते सांगणारी एक. यादीतला दगड असता तर हे मला कळलंच नसतं."

धाकटा वैमानिक पुढच्या तुकडीत गेला. जाण्याआधी त्याने गोटा एकदा मागून घेतला आणि खड्ड्यांवरून बोट फिरवलं. "इतक्या उल्का," तो म्हणाला. "आजी काय फोडत होत्या?"

"माझ्यासमोर फक्त लसूण," बादलीकाका म्हणाले.

पत्राबद्दल कोणी काही बोललं नाही, आणि बादलीकाकांनी विचारलं नाही. अधिकाऱ्याने गोटा नमुन्याच्या पिशवीत घालून नंबर टाकला होता. केंद्राला तो नंबर अहवालात हवा होता आणि गोटा कोठीत. शनिवारी सकाळी बादलीकाकांनी आपल्याच हाताने सासूबाईंच्या गोट्यावर पांढरा चौकोन काढला, त्यावर नंबर घातला आणि रजिस्टरात नोंद केली. म्हणजे आता तो कोठीबाहेर जाणार नव्हता.

संध्याकाळी सासूबाई आल्या. चप्पल काढली, ओट्याकडे पाहिलं, आणि मग खुर्चीत बसल्या.

"जावईबापू, माझा गोटा?"

"चंद्रावर गेलाय."

"असं होय. मग आपणही जायचं होतंत सोबतीला."

"गेलो होतो. पण मी तिथे नसतो."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेक मिक्सर धूत होती, तो आधीच स्वच्छ होता.

सोमवारी सकाळी दहाला सासूबाई विभागात हजर झाल्या. कोठीच्या दारात जावई आडवे उभे राहिले. नंबर पडलाय, नियम आहे, प्रमुखांनासुद्धा दिलेला नाही. हे सगळं त्यांनी हात जोडून सांगितलं. सासूबाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं, आत जाऊन स्टुलावर बसल्या आणि पदराखालून लसणाची पुडी काढली. "बाहेर न्यायचा नाही ना? मग इथेच ठेचते."

वास जिन्यापर्यंत गेला. सर खाली आले. सोबत केंद्राचा अधिकारी होता, अहवालावर सह्या घ्यायला आलेला. दोघं दारात थांबले. सासूबाईंचा अंगठा खळग्यात बसला होता, टोक एका लयीत खाली येत होतं. एका घावात साल सुटत होतं, दुसऱ्यात पाकळी सपाट. बाई पठारावर बोलल्या होत्या ते सगळं डोळ्यांसमोर होतं.

"आजी, हे खड्डे पडायला किती वर्षं लागली?" अधिकाऱ्याने विचारलं.

"सत्तावन्न. यांच्याकडची अकरा धरून. यांच्याकडे फार कमी ठेचलं जातं."

अधिकारी सरांकडे वळला. पुढच्या प्रत्येक तुकडीला बारापैकी एक दगड असा हवा, जो सरांच्या यादीत नाही आणि कुठल्या नंबरच्या जागी आहे हे सरांनाही ठाऊक नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. तो ठेवणारा माणूसही तोच हवा. सरांनी मान हलवली, वर गेले आणि पत्रावर सही करून आणली. खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली होती: दगड धुण्यास मनाई.

बादलीकाकांनी पत्र दोनदा वाचलं. दोन वर्षं. रोजचे नऊ तास, आणि मधूनमधून आठवडाभर पठारावर, घरापासून पाच तास लांब. एकतीस वर्षांत त्यांना इतकं खूश कोणी पाहिलं नव्हतं.

"गोटाही दर वेळी लागेल," अधिकारी म्हणाला आणि रजिस्टरात त्याच्या नोंदीपुढे 'सरावापुरता बाहेर' असं लिहून सही केली.

"न्या की," सासूबाई म्हणाल्या आणि पदराला हात पुसले. "मात्र गोटा जाईल तिथे मी. एकदा विश्वासाने ठेवून गेले होते, काय झालं ते पाहिलंत. जावईबापू, जीपमध्ये पुढची जागा मला. मागे मला मळमळतं."

बादलीकाकांनी पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली. परत देता आलं असतं, पण सही करतानाच सरांनी त्याचीही नोंद विभागाच्या रजिस्टरात केली होती.

पुढची तुकडी दोन महिन्यांनी आली. धाकटा वैमानिक तिच्यात होता. सरांनी नियमांचा कागद नव्याने टाइप करून आणला, आणि सासूबाईंनी तो अक्षरन् अक्षर वाचल्यावर सही केली. आता उमेदवार पुढे चालतो. त्याच्या मागे दहा पावलांवर बादलीकाका, हातात पेटी. त्यांच्या मागे दहा पावलांवर काळ्या छत्रीखाली सासूबाई, डोळा गोट्यावर.

चंद्रावर आता दोन माणसं नसतात.